पत्र्याला घाम सुटतो तेव्हा

जानेवारीतली सकाळ. उल्हास नदीच्या काठाला, कर्जतपासून अर्ध्या तासावरच्या गावात माझ्या मावसभावाची पत्र्याची शेड आहे. आत भाताच्या गोणी रचलेल्या. पावसाचा टिपूस पडून तीन महिने झाले होते, तरी वरच्या थरातल्या गोणींवर ओले डाग होते. तेही ओळीने, कुणी दोरी लावून मारल्यासारखे. भावाने आधी सगळ्या स्क्रूंवर सिलिकॉन थापलं होतं, मग डांबरी पट्टी चिकटवली होती, आणि तरीही गोणी ओल्या झाल्यावर वैतागून पत्रे बसवणाऱ्या काकांना बोलावून घेतलं. काका शिडीवर चढले, पत्र्याच्या आतल्या अंगावरून बोट फिरवलं आणि ओलं बोट आम्हाला दाखवलं.

“दादा, पत्रा गलत नाय. त्याला घाम सुटलाय.”

पत्र्याच्या शेडचं अर्धं दुखणं या एका वाक्यात आहे. उरलेलं अर्धं मार्च-एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता त्याच शेडमध्ये उभं राहिलं की टाळूला कळतं. कर्जत-खालापूर पट्टा समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी. खाडीचा वारा इथे पोचेपर्यंत दमलेला असतो, म्हणून उन्हाळा कडक. डोंगर ढग अडवतात, म्हणून पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. आणि थंडीत आकाश निरभ्र असलं की पहाटेचा पारा बारा-चौदावर उतरतो. पत्र्याची परीक्षा पाहणारे तिन्ही ऋतू इथे मुक्कामाला येतात. तरीही कोंबड्यांची शेड, फार्महाऊस, खोपोलीकडचं गोदाम, इमारतीच्या गच्चीवरचं छप्पर, सगळीकडे पत्राच चढतो. लवकर होतो, स्वस्तात होतो. पण ऊन आणि घाम ही त्याची दोन वेगळी दुखणी आहेत. बहुतेक लोक एकावर औषध करतात आणि त्यातच दुसरं वाढवून ठेवतात.

आधी ऊन. स्वच्छ दुपारी इथल्या छपरावर चौरस मीटरला सुमारे हजार वॅट ऊन पडतं. गंजलेला किंवा गडद रंगाचा पत्रा त्यातलं बरंचसं पिऊन टाकतो आणि साठ-पासष्ट अंशांवर जातो. जाडी अर्धा मिलिमीटर, त्यामुळे वरची उष्णता खाली यायला क्षणही लागत नाही. मग पत्र्याची खालची बाजू तव्यासारखी तापून खालच्या माणसावर, गुरावर, गोणीवर उष्णता फेकत राहते. हा झोत हवेतून वाहत येत नाही, किरणांनी येतो. म्हणून पंखा लावला तरी डोकं तापतच राहतं.

ढोबळ हिशेब करून पाहा. पत्रा पासष्ट अंशांवर आणि खालची जमीन-भिंत बत्तीस अंशांवर असेल, तर चौरस मीटरला सव्वादोनशे वॅटच्या आसपास उष्णता खाली उतरते. हजार चौरस फुटांची शेड म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे जवळपास २१ किलोवॅट. एक किलोवॅटचे वीसेक हीटर छताला उलटे टांगून दुपारभर चालू ठेवल्यासारखं.

नवा कोरा चकचकीत पत्रा तरी गार राहील, असं वाटतं. तो ऊन बऱ्यापैकी परत फेकतो हे खरं, पण जेवढं पितो तेवढं बाहेर टाकायला फार कंजूष असतो. उघड्या चकचकीत धातूचा तो स्वभावच आहे. पांढरा रंग दोन्ही बाजूंनी उदार. तीन चतुर्थांशाच्या आसपास ऊन परतवतो आणि उरलेली उष्णताही भराभर आकाशाकडे सोडतो. पोल्ट्रीवाल्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. होळीच्या सुमारास ते छपरावर चुना मारतात. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग गार करते, आणि पारा चाळिशीपार गेला की धापाही पुरत नाहीत. चुना पहिल्या मिरगाच्या पावसात वाहून जातो, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. कायमचा हवा असेल तर ऊन परतवणारा पांढरा रंग बाजारात मिळतो. माझं मत विचाराल तर पहिला रुपया इथेच घालावा. बाकीचे थर लावून झाल्यावर उरल्या पैशात रंग मारणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी खर्च उलट्या टोकाने सुरू केला.

दुसरा उपाय चंदेरी पन्नीचा, म्हणजे पत्र्याखाली अंथरतात त्या बबल शीटचा. इथे फसगत फार होते. ही पन्नी उष्णता अडवते ती जाडीने नव्हे, चकाकीने. चकचकीत ॲल्युमिनियम किरणांतली ९५ टक्क्यांच्या आसपास उष्णता परत फेकतं, आणि तितक्याच कंजूषपणे स्वतःकडची उष्णता सोडतं. पण हे होण्यासाठी चकाकीसमोर मोकळी हवा लागते. पन्नी पत्र्याला घट्ट चिकटवली की वरच्या बाजूची चकाकी मेली; पत्र्याची उष्णता स्पर्शानेच तिच्यात उतरते. पत्रा आणि पन्नी यांच्यात बोटभर फट ठेवली तर दोन्ही बाजू कामाला येतात. आणि एकच बाजू चकचकीत असलेली पन्नी घेतली असेल तर चकाकी खाली, खोलीकडे ठेवावी. धूळ बसते ती वरच्या अंगावर, आणि धुळीने माखलेली पन्नी म्हणजे साधा कागद. चकाकी वर असेल तरच ऊन परतेल, हा समज इतका पक्का असतो की खाली ठेवा म्हटलं की दुकानदारही हसतो.

तिसरा उपाय जाडीचा. पत्रा, काँक्रीट, वीट यांच्यापेक्षा स्थिर हवा उष्णतेला कितीतरी जास्त अडवते. ग्लासवूल, रॉकवूल, थर्माकोल, पफ (पीयू फोम) या सगळ्यांचं काम एकच, हवेला किंवा वायूला बारीक कप्प्यांत कोंडून हलू न देणं. ५० मिलिमीटर ग्लासवूल जेवढी उष्णता अडवते तेवढी अडवायला काँक्रीट दोन मीटर जाड ओतावं लागेल. ५० मिलिमीटर पफ त्याहून सरस. ग्लासवूलने तेवढं करायचं तर ऐंशी मिलिमीटरच्या आसपास जाडी लागते. घरांसाठीच्या २०१८ सालच्या इको-निवास संहितेत छपरातून एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये अशी मर्यादा आहे. उघड्या पत्र्यातून याच्या चार-पाच पट जाते. ५० मिलिमीटर ग्लासवूल नीट बसवली तर ती मर्यादेच्या बरीच खाली उतरते.

नीट बसवली तर. काम बिघडतं ते इथेच. ग्लासवूलची गादी पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या वाशांवर, अंथरून वरून पत्रा ठोकला की पर्लिनवर ती दाबली जाऊन बोटभराची चिंधी होते. बाकी सगळीकडे गादी, आणि प्रत्येक पर्लिनवर उष्णतेला मोकळा पूल. दुपारी हा पूल ऊन आत आणतो, पहाटे थंडी. भावाच्या गोणींवरचे डाग ओळीने होते, कारण ती ओळ पर्लिनची होती. त्याने आदल्याच वर्षी अशी दाबून बसवलेली पन्नी घातली होती. चांगला कारागीर पर्लिन आणि पत्र्याच्या मध्ये न दबणारे ठोकळे घालतो किंवा गादी पर्लिनच्या खाली जाळीवर वेगळी झोपवतो. काम वाढतं, पण निम्मी किंमत त्याच कामाची आहे.

आता घामाकडे येऊ. हवेत बाष्प किती मावेल हे तिच्या उबेवर ठरतं. ३० अंशांची एक घनमीटर हवा तीस ग्रॅम बाष्प धरते, २० अंशांची सतरा, १५ अंशांची तेरा. उबदार दमट हवा थंड वस्तूला टेकली की जास्तीचं बाष्प तिथेच पाणी होऊन बसतं. गार पाण्याच्या तांब्याबाहेर थेंब येतात ते असेच. पत्रा म्हणजे छपराएवढा तांब्या.

थंडीत हा तांब्या आकाश गार करतं. निरभ्र रात्री पत्रा वरच्या मोकळ्या आकाशाकडे उष्णता टाकत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही तीन-चार अंशांनी खाली जातो. अंगणात उभ्या मोटारसायकलच्या टाकीवर दव असतं आणि आंब्याखाली लावलेली कोरडी राहते, ते याच कारणाने. झाड आकाश झाकून टाकतं. शेडमध्ये हवा २० अंशांवर आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर पंधरा अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठावर पाणी धरतं. पहाटेचा पत्रा बारावर असतो. पाण्याचा थर एक दशांश मिलिमीटर जरी साचला तरी हजार चौरस फुटांवर नऊ लिटर पाणी होतं. ते उतारावरून ओघळत पहिल्या पर्लिनपाशी अडतं आणि टपकतं.

हे बाष्प आलं कुठून? भातातूनच. कापणी-झोडणीनंतर दाण्यात वीस टक्के ओलावा असतो आणि साठवणीला तो चौदाच्या आत हवा, बियाण्याला तेराच्या. वीसवरून चौदावर येताना एक क्विंटल भात सात लिटर पाणी हवेत सोडतं. वीस क्विंटल घाईने गोणीत भरून शेडमध्ये रचलं, तर महिन्याभरात सव्वाशे-दीडशे लिटर पाणी त्याच छपराखाली फिरणार. कणगीत किंवा पेंढ्याच्या मुडीत ठेवलेलं भात हे पाणी हळूहळू बाहेर सोडायचं आणि पेंढ्याच्या छपरातून ते निघून जायचं. पत्र्यातून काही जात नाही. रात्री वर चढतं, पहाटे खाली येतं.

पावसाळ्यात घामाची तऱ्हा वेगळी. ढग असल्यामुळे रात्री पत्रा फारसा गार होत नाही. पण आत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना जोराची सर आली की पत्रा दोन मिनिटांत तेवीस-चोवीसवर येतो, आणि पाणी धरायला पंचविसाखाली गेलं की पुरतं. बाहेर पाऊस, आत थेंब. मग माणूस गळतीच समजणार. ओळखायची खूण सोपी आहे. गळती एका जागी असते, पावसाबरोबर येते आणि त्या जागेवर गंजाचा ओघळ दिसतो. घाम सगळ्या पत्र्यावर सारखा असतो आणि बोटाने पुसला की मागे कोरडी रेघ राहते. दोन्ही एकत्रही असू शकतं, हे मान्य. २० फुटी पत्रा दुपारच्या पासष्टवरून पहाटेच्या पंधरावर येताना साडेतीन मिलिमीटर आखडतो. संध्याकाळी शेड टणटण वाजते ती त्यामुळे. रोजच्या या ओढाताणीत स्क्रूची भोकं लांबतात, वॉशर फाटतात. म्हणून आगोटीची खरेदी होते त्या दिवसांतच छपरावर चढून वॉशर बघून घ्यावेत.

माणसं राहतात त्या पत्र्यात बाष्प माणसंच पुरवतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्या कुटुंबांना सिडकोची पक्की घरं उभी राहीपर्यंत चौक परिसरात कंटेनरच्या घरांत राहावं लागलं. भर पावसात काही दिवसांत इतक्या डोक्यांवर छप्पर उभं करायचं तर कंटेनरइतकं झटपट दुसरं काही नसतं. पण वाडीवरच्या घराची सवय असलेल्या ठाकर माणसासाठी हा बदल किती मोठा असतो, ते आकड्यांत पाहता येतं. २० बाय ८ फुटांच्या, साडेआठ फूट उंच डब्यात सुमारे ३३ घनमीटर हवा मावते. २७ अंशांवर ती सगळी मिळून साडेआठशे ग्रॅम बाष्प धरू शकते. चार माणसं आठ तास झोपली तर श्वास आणि अंगावाटे सव्वा ते दीड लिटर पाणी हवेत सोडतात. खिडकी बंद असेल तर हे पाणी भिंतीवर आणि छताला बसल्यावाचून राहणार नाही. त्यात चूल आणि ओले कपडे धरलेलेच नाहीत. आणि उन्हात डबा वरून तापतोच, पण सकाळी पूर्वेची आणि संध्याकाळी पश्चिमेची भिंतही तापते.

कारवीच्या कुडाचं, शेणमातीने लिंपलेलं, वीतभर पेंढ्याचं घर ऊन आणि ओल दोन्ही एकाच अंगाने सांभाळायचं. पेंढ्यात हवा कोंडलेली, म्हणून ऊन अडायचं. कुड आणि पेंढा बाष्प पिऊन नंतर सोडून द्यायचे, चुलीचा धूर वरून निघता निघता छप्पर सुकवत जायचा. त्याचे हाल मी विसरत नाही. दर दोन-तीन वर्षांनी शाकारणी, आगीची धास्ती, उंदीर आणि उंदरामागे साप. पत्रा आला तो या कटकटींना कंटाळलेल्या घरांनी आनंदाने आणला. पण जुनं छप्पर न बोलता जी दोन कामं करायचं ती पत्र्यावर आपल्याला हातांनी, वेगवेगळी करून द्यावी लागतात.

घामावर उपायांचा क्रम असा: बाष्प कमी करायचं, उरलेलं बाहेर काढायचं, आणि तरी राहील त्याला थंड पत्र्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. पहिलं म्हणजे भात आणखी दोन दिवस खळ्यावर वाळवणं, मोरी आणि चूल बाहेर किंवा चिमणीखाली नेणं. दुसरं, खाली जमिनीलगत जाळीच्या फटी आणि वर आढ्याला उचललेली टोपी. गरम दमट हवा हलकी, ती आपोआप वर जाते. तिला फक्त दार हवं. वाऱ्यावर फिरणारे टर्बो पंखे चांगले, पण खालच्या फटी बंद असतील तर ते नुसते शोभेला फिरतात.

तिसऱ्यात मात्र घोळ होतो. ग्लासवूल उष्णता अडवते, बाष्प अडवत नाही. नुसती गादी पत्र्याखाली लावली तर बाष्प तिच्यातून आरामात वर जातं आणि गादीच्या पलीकडे, आता आणखीच गार झालेल्या पत्र्यावर, पाणी होतं. ते पाणी गादी पिते. पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त सहज जाते, म्हणजे ओली गादी ओल्या गोधडीइतकीच कामाची. वर ती ओल पत्र्याला धरून ठेवते आणि आतून गंज चढतो, जो भोक पडेपर्यंत दिसत नाही. म्हणून गादीच्या खोलीकडच्या अंगाला बाष्प अडवणारा पडदा हवा, पन्नीचा चालतो, पण सांधे टेपने बंद केलेला. एका सांध्यातून निम्मा फायदा निघून जातो. पत्र्याला चिकटून फुगणारा, बंद कप्प्यांचा पीयू फोम उष्णता आणि बाष्प दोन्ही एकदम अडवतो. पत्र्यापर्यंत हवाच पोचत नाही. महाग आहे, आणि आग लागली तर थर्माकोलसारखाच विषारी धूर करतो. चुलीपाशी किंवा वेल्डिंगच्या जागी मी रॉकवूलच लावेन, ती पेटत नाही.

पडदा खोलीकडे, हा नियम घामट शेडसाठी झाला. खोलीत एसी आला की नियम उलटतो, आणि इथल्या फार्महाऊसवाल्यांची गाडी इथेच घसरते. थंड देशांतल्या पुस्तकांत पडदा आतल्या बाजूला लावा असं लिहिलेलं असतं, कारण तिथे ऊब आणि बाष्प आत असतं. जुलैत चौकला बाहेरची हवा २८ अंशांची आणि चिंब, आत एसी बावीसवर. आता बाष्प बाहेरून आत घुसू बघतं आणि आतल्या थंड अस्तरापाशी पाणी होतं. बाहेरचा पत्रा पडद्याचं काम करतो, पण स्क्रूची भोकं, सांधे, वायरींची छिद्रं यांतून हवा शिरतेच. आतून प्लायवूडवर प्लास्टिकचा वॉलपेपर चिकटवला असेल तर ते पाणी दोन पडद्यांमध्ये अडकतं. दुसऱ्या पावसाळ्यात वॉलपेपर सोलला की मागे काळी बुरशी. ओळखीच्या एकाने हे पाहून एसी सोळावर आणला, खोली वाळावी म्हणून. त्याने अस्तर आणखी गार झालं.

याचं टोक पाहायचं तर खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकाच्या बर्फाच्या पार्कात जा. बाहेर कोकण, आत शून्याखाली. अशा खोल्यांत पफ पॅनेलपेक्षा त्यांच्या सांध्यांवर जास्त मेहनत करावी लागते, कारण एखाद्या फटीतून शिरलेलं बाष्प आत बर्फ होऊन सांधा आणखी उघडत जातं. घरच्या एसीच्या कंटेनरला एवढं लागत नाही, पण दिशा तीच. बाहेरची बाजू हवाबंद, आतलं अस्तर बाष्प सोडणारं, आणि एसी पंचविसाच्या खाली नाही.

भावाच्या शेडचं पुढे काय झालं ते सांगतो. चुना मारून पाहिला, तो पटला, मग पांढरा रंग मारला. आढ्याची टोपी वीतभर उचलली, जाळी लावली. जुनी पन्नी काढून पर्लिनच्या खालून तारा ओढल्या आणि फट ठेवून नवी पन्नी तारांवर अंथरली, चकाकी खाली. गोणी भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर. पुढच्या जानेवारीत पहाटे आम्ही बॅटरी घेऊन गेलो. छप्पर कोरडं होतं, एका पर्लिनखालची हातभर ओळ सोडून. तिथे तारेचा खिळा चुकून पन्नीतून आरपार थेट पत्र्याला टेकला होता. काकांनी खिशातून खडू काढून पर्लिनवर फुली मारली आणि म्हणाले, मेमध्ये वॉशर बदलायला येईन तेव्हा हा खिळा काढतो.